‘ये’ हेसुद्धा पूर्ण वाक्य आहे

मूल शाळेत जायला लागण्यापूर्वी घरात जी मराठी ऐकते, ती बरीचशी आज्ञार्थी असते. ऊठ. तोंड धू. दूध पी. इकडे ये. विहिरीकडे जाऊ नको. मांजराला हात लावू नको. स्वतःला बोलता येण्याच्या आधीच त्याला ही वाक्ये कळू लागतात. ‘दे’ म्हटले की मुठीतला खुळखुळा पुढे करणारे बाळ आपण सर्वांनीच पाहिलेले असते. ते बाळ अजून एक शब्दही बोलत नसते, पण आज्ञार्थी क्रियापद त्याला समजलेले असते.

पुढे ते शाळेत जाते आणि तेथेही हीच वाक्ये त्याच्या वाट्याला येतात. रांगेत उभे राहा. वह्या काढा. फळ्यावरचे उतरवून घ्या. पाठ्यपुस्तक उघडावे तर प्रत्येक धड्याखाली पुन्हा तेच. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, एका वाक्यात उत्तरे लिहा, कारणे द्या. चौथी संपेपर्यंत मुलाने अशी किती वाक्ये वाचली आणि ऐकली असतील याची गणतीच नाही. आता उलटा हिशेब मांडून पाहा. त्याच चार वर्षांत त्याने स्वतः किती आज्ञार्थी वाक्ये लिहिली? नात्यातल्या आणि शेजारच्या मुलांच्या वह्या मी कौतुकाने चाळत असतो. ‘माझी आई’, ‘पावसाळा’, ‘माझा आवडता प्राणी’ हे निबंध त्यांत असतात, आणि ते सारे ‘आहे’, ‘असते’, ‘आवडते’ असे चालतात. व्याकरणात वाक्यांचे प्रकार शिकवतात तेव्हा विधानार्थी, प्रश्नार्थी, उद्गारार्थी यांच्या शेजारी आज्ञार्थी वाक्यही येऊन जाते. एका ओळीची व्याख्या, दोन उदाहरणे, आणि ‘प्रकार ओळखा’ म्हणून एक प्रश्न. स्वतःची उदाहरणे लिहायला सांगितली, तर साऱ्या वर्गाची सारखीच येतात. दार लाव. अभ्यास कर. खरे बोल. मोठ्यांचा मान राख. मुलाने जे जन्मभर ऐकले, तेच ते आपल्याला परत करते. माझी उमेद बँकेत गेली. त्या भाषेत सांगायचे तर या खात्याची जमेची बाजू गच्च भरलेली आणि नावेची बाजू कोरी आहे.

यावर कोणी म्हणेल की मग बिघडले काय? लहान मुलांनी हुकूम सोडायला कशाला शिकायचे? पण आज्ञार्थी वाक्य लिहिता येणे म्हणजे हुकूम सोडता येणे नव्हे. जो माणूस आपल्यासमोर नाही, त्याच्या जागी मनाने उभे राहून त्याला काय करायचे ते नीट सांगता येणे, याला मी आज्ञार्थी वाक्य लिहिता येणे म्हणतो. ते आपण मुलांना शिकवत नाही. म्हणून मोठेपणीही पुष्कळांना सांगता येत नाही. त्यांना एक तर ओरडता येते, नाही तर गप्प बसता येते.

व्याकरण काय सांगते

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. या परंपरेत क्रियापदाचे चार अर्थ मानतात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. ‘तो जातो’ हा स्वार्थ. ‘तू जा’ हा आज्ञार्थ. ‘त्याने जावे’ हा विध्यर्थ. ‘तो जाता तर बरे होते’ हा संकेतार्थ.

यातला आज्ञार्थ आपल्याला वाटतो त्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे. ‘मी करू, तू कर, तो करो’ अशी त्याची तिन्ही पुरुषांतली रूपे होतात. म्हणजे ‘मी आत येऊ?’ अशी परवानगी मागणारे मूल आणि ‘देव तुझे भले करो’ म्हणून डोक्यावर हात ठेवणारी आजी हे दोघेही आज्ञार्थातच बोलत असतात. आज्ञा, विनंती, प्रार्थना, उपदेश, आशीर्वाद या साऱ्यांना मराठीने एकच घर दिले आहे. ‘आज्ञार्थ’ या नावामुळे मात्र घरातल्या थोरल्या भावाचेच नाव पाटीवर लागले आणि बाकीची भावंडे मागे राहिली. ‘आज्ञा’ म्हटले की मुलाच्या डोळ्यांपुढे छडी येते. ‘एवढे गणित सांग ना’ किंवा ‘आई, भात वाढ’ ही आपण दिवसभर बोलतो ती वाक्येही याच जातीची आहेत, हे त्याला कोणी सांगत नाही.

या रूपाच्या काही गमती मुलांना सांगितल्या तर त्यांचे डोळे चमकतात. मराठीतले सर्वांत लहान पूर्ण वाक्य आज्ञार्थी असते. ये. जा. दे. घे. एकच अक्षर, त्यात कर्ता दिसत नाही, आणि तरी वाक्य पूर्ण. दुसरी गंमत अशी की धातू आहे तसाच उचलला की झाली आज्ञा. ‘बस’, ‘कर’, ‘लिही’ यांना प्रत्यय नाही, काळ नाही. आदर दाखवायचा किंवा अनेकांना सांगायचे तर शेवटी ‘आ’ येतो: बसा, करा, लिहा. ‘दे’चे ‘द्या’ होते, ‘घे’चे ‘घ्या’, ‘ये’चे ‘या’. शासनमान्य लेखननियमांनीही या रूपांना एक सवलत ठेवली आहे. एरवी ‘राहणे, पाहणे’ असेच लिहायचे, पण आज्ञार्थात ‘राहा, पाहा’च्या बरोबरीने ‘रहा, पहा’ लिहिले तरी चालते.

तिसरी गोष्ट गमतीची कमी आणि विचार करण्याजोगी जास्त आहे. आज्ञार्थात लिंगभेद नाही. ‘तो जातो’, ‘ती जाते’ असे वेगळे होते, पण ‘जा’ मुलालाही तेच आणि मुलीलाही तेच. व्याकरणाने केलेली ही समानता आपण घरात मात्र पाळत नाही. एका रविवारी दिवसभरात मुलाला कोणत्या आज्ञा दिल्या आणि मुलीला कोणत्या, हे वहीत लिहून पाहावे. ‘पाणी आण’, ‘ताटे घे’, ‘हळू बोल’ एका पानावर गेली आणि ‘खेळायला जा’, ‘दुकानातून पेपर आण’ दुसऱ्या पानावर, तर दोष व्याकरणाचा नाही.

येवा, बसा

आमचे मसुरे हे मालवण तालुक्यातले गड नदीच्या काठचे, वाड्यावाड्यांत पसरलेले गाव. डोक्यावर भरतगड, पलीकडच्या तीरावर भगवंतगड. भराडी देवीच्या जत्रेमुळे जिचे नाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले, ती आंगणेवाडी मसुऱ्याचीच एक वाडी. या गावातले मूल घरात मालवणी बोलते आणि आज्ञार्थाच्या बाबतीत ते शाळेत येते तेव्हाच चांगले जाणकार असते.

प्रमाण मराठीत ‘जा’ आणि ‘खा’ या क्रियापदांची एक अडचण आहे. नातवाला सांगायचे तरी ‘तू जा’ आणि आजोबांना सांगायचे तरी ‘तुम्ही जा’. क्रियापदाने आदर दाखवायची सोयच नाही. तो ‘तुम्ही’ने सावरावा लागतो. मालवणीत ही अडचण नाही. नातवाला ‘जा’, आजोबांना ‘जावा’. लहानाला ‘खा’, मोठ्याला ‘खावा’. ‘ये’चे आदरार्थी रूप ‘येवा’, जे आता ‘येवा, कोकण आपलाच आसा’ या पाटीमुळे घाटावरच्या पर्यटकालाही पाठ झाले आहे. कोल्हापूरकडेही ‘जावा’ ऐकू येते. म्हणजे ज्या रूपाला आपण गावंढळ समजतो, ते खरे तर आदर अधिक काटेकोरपणे सांभाळते. शिवाय मुलाला ‘बस रे’ आणि मुलीला ‘बस गो’ असे जोडून तीच आज्ञा मऊ कशी करायची, हेही मालवणी मूल आईच्या मांडीवरच शिकते. दारात पाहुणा दिसला की सहा वर्षांची पोर ‘काकानू, येवा, बसा’ म्हणते, त्यात व्याकरण आणि रीतभात दोन्ही असतात.

काही वर्षांपूर्वी एका शाळेत (नाव सांगण्याचे कारण नाही) चौथीतल्या एका मुलाने ‘आजोबा, तुम्ही आधी खावा’ असे आज्ञार्थी वाक्य लिहिले. ‘खावा’वर लाल रेघ आली आणि वर ‘खा’ लिहिले गेले. प्रमाणलेखनाच्या दृष्टीने दुरुस्ती बरोबरच होती. पण ती का केली हे मुलाला कोणी सांगितले नाही. त्याने घरी येऊन विचारले, ‘आजोबांक खा म्हणाचा?’ त्याच्या लेखी आजोबांना ‘खा’ म्हणणे हा उद्धटपणा होता. वर्गातल्या सर्वांत आदबशीर वाक्यावरच लाल शाई पडली होती. त्यापेक्षा फळ्यावर दोन रकाने आखावेत. एकात ‘घरी म्हणतो’ आणि दुसऱ्यात ‘पुस्तकात लिहितो’. ‘जावा’समोर ‘तुम्ही जा’, ‘येवा’समोर ‘या’. मुलाला दोन्ही येतील आणि आपल्या घरची बोली चुकीची आहे असे त्याला वाटणार नाही. ज्या मुलाला तसे वाटते, ते पुढे वर्गात बोलायचेच बंद होते. मग प्रश्न आज्ञार्थी वाक्याचा राहत नाही.

आमच्याकडच्या गाऱ्हाण्याचे उदाहरणही मी मुलांना देतो. कार्याच्या आरंभी किंवा देवळात कोणी जाणता हात जोडून उभा राहतो आणि ‘बा देवा म्हाराजा’ अशी साद घालतो. मग घरादारावर नजर ठेव, मुंबईला गेलेल्या पोरांना सांभाळ, अडलेले काम मार्गी लाव, अशा अर्थाची मागण्यांची माळ सुरू होते आणि जमलेले लोक प्रत्येक मागणीला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. नीट ऐकले तर ही सारी क्रियापदे आज्ञार्थी एकवचनी आहेत. गावातल्या सावकाराशी ‘तुमी’ने बोलणारा माणूस देवाला मात्र ‘तू ठेव, तू सांभाळ’ म्हणतो. त्याला कोणी उद्धट म्हणत नाही, कारण क्रियापदाचे रूप एकच असले तरी नाते वेगळे असते. कोण कोणाला, कोणत्या नात्याने सांगतो, हे समजले म्हणजे आज्ञार्थ समजला. निघालेल्या पाहुण्याला आपण ‘जा’ म्हणत नाही. तो ‘येतो’ म्हणतो आणि आपण ‘या’ म्हणतो. जाणाऱ्याला ‘या’ म्हणणाऱ्या भाषेत आज्ञार्थ नुसता व्याख्येने कसा शिकवता येईल?

कारणासह सांगणे

चांगली आज्ञा कशी असावी याचा मराठीतला एक उत्तम नमुना सतराव्या शतकातला आहे. चिपळूण भागात छावणीला राहिलेल्या आपल्या लष्कराच्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी धाडलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला त्रास देऊ नका, हे त्यातले सांगणे आपल्याला शाळेपासून माहीत असते. पण त्या पत्रातली मला मोलाची वाटणारी गोष्ट अशी की त्यात नुसते ‘करू नका’ नाही. दाणागोटा आताच उधळलात तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरचे ओरबाडायला जाल आणि तुमच्यापेक्षा मोगल बरे असे त्यांना वाटेल. रात्री दिवा जळता ठेवाल तर उंदीर वात पळवील, गंजीला आग लागेल. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी उंदराने पळवलेल्या वातीपर्यंत विचार करतो, कारण त्याला ज्याला सांगायचे आहे तो शिपाई त्याच्या डोळ्यांसमोर उभा आहे. आज्ञा एक आणि कारणे चार, म्हणून ती मनात उतरते.

आता याच्या शेजारी आपली कचेरीतली मराठी ठेवा. ‘संबंधितांनी नोंद घ्यावी.’ ‘उचित कार्यवाही करण्यात यावी.’ ‘अहवाल विनाविलंब सादर करावा.’ कोण सांगतो, कोणाला, कशासाठी, काही कळत नाही. बँकेत असताना अशी परिपत्रके मी हजारो वाचली आणि पदाच्या ओघात लिहिलीही. ‘करण्यात यावी’ या रूपाची मोठी सोय ही की काम झाले नाही तरी कोणावर ठपका येत नाही.

वाट सांगण्याचा खेळ

मे महिन्याच्या सुट्टीत वाडीतल्या मुलांबरोबर मी एक खेळ खेळतो. मुंबईहून पहिल्यांदाच येणाऱ्या पाहुण्याला बाजारापासून तुझ्या घरापर्यंतची वाट लिहून दे, एवढेच सांगायचे. मग तो कागद दुसऱ्याच मुलाच्या हातात द्यायचा आणि त्याने लिहिल्याप्रमाणे चालायचे. मनाचे एक पाऊल जास्त टाकायचे नाही. पहिल्या दिवशी बहुतेक कागद असे असतात: ‘सरळ या. मग वळा. मग आमचे घर.’ चालणारा मुलगा पहिल्याच फाट्यावर उभा राहतो, कारण डावीकडे की उजवीकडे हे लिहिलेलेच नसते. एका मुलीने ‘कुत्रा भुंकेल तिथे वळा’ असे लिहिले. कुत्रा त्या दिवशी झोपला होता. चालणारी मैत्रीण थेट नदीपर्यंत जाऊन आली आणि सगळे पोट धरून हसले.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कागद बदलतात. ‘बाजारातून नदीकडे पाठ करून चालायला लागा. उजव्या हाताला मोठा वड दिसेल. वडाच्या पुढच्या पाणंदीत शिरा. वहाळ लागला की साकवावरून पलीकडे या. पावसात साकव निसरडा होतो, म्हणून कठड्याला धरा. मग गडग्याच्या कडेने दोनशे पावले चाला. देऊळ लागले तर तुम्ही पुढे आलात, मागे फिरा.’ हे लिहिणारे मूल किती गोष्टी आपल्या आपण शिकले ते पाहा. एका वाक्यात एकच काम सांगायचे. आधीचे आधी, नंतरचे नंतर. डावे-उजवे, किती पावले, कोणती खूण, हे मोघम ठेवायचे नाही. आज असेल आणि उद्या नसेल अशी खूण द्यायची नाही. जिथे धोका आहे तिथे कारण सांगायचे. वाट चुकली तर काय करायचे तेही लिहायचे. आणि ‘तुम्ही’ने सुरुवात केली तर शेवटपर्यंत ‘तुम्ही’च ठेवायचे, मध्येच ‘ये’ लिहायचे नाही. यातले काहीही व्याख्या पाठ करून येत नाही. लिहिलेले दुसऱ्याने करून पाहिले म्हणजे येते.

नकाराचीही एक गोष्ट मुले लवकर ओळखतात. ‘विहिरीजवळ पळू नका’ यात काय करायचे नाही एवढेच कळते. ‘विहिरीजवळ चालत जा आणि कठड्याच्या अलीकडे थांबा’ यात काय करायचे ते कळते. आपल्या सार्वजनिक पाट्या पाहा. थुंकू नका, फुले तोडू नका, येथे बसू नका. कचरा कोठे टाका हे सांगणारी पाटी शोधावी लागते.

जगात दुसरीकडेही हा विचार झाला आहे. १९६७ साली अमेरिकेत सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ नावाची संगणकाची भाषा तयार केली. तिच्यात मूल एका कासवाला सांगते: पुढे जा शंभर, उजवीकडे वळ नव्वद अंश. हेच चार वेळा केले की चौकोन होतो. कासव चुकीचे वळले तर मुलाने स्वतः उठून तेच करून पाहावे, म्हणजे आपण काय सांगायचे विसरलो ते कळते, हा त्यामागचा विचार. आमच्या वडाजवळ उभ्या राहिलेल्या पोराचा आणि त्या कासवाचा धडा एकच आहे. आता घरोघरी मुले मोबाइलला ‘गाणे लाव’, ‘फोन कर’ असे सांगतात आणि यंत्र ते करतेही. यंत्राला कारण सांगावे लागत नाही, त्याला मानही लागत नाही. म्हणूनच, माणसाला सांगताना या दोन्ही गोष्टी लागतात, हे घराने आणि शाळेने शिकवणे पूर्वीपेक्षा अधिक गरजेचे झाले आहे.

आज्ञार्थी वाक्य नीट वाचता येण्यावर कधी कधी जीवही अवलंबून असतो. जुलाब झालेल्या बाळासाठी सरकारी दवाखान्यातून क्षारसंजीवनीची पुडी मिळते. तिच्यावरच्या सूचना घरात कोण वाचतो? पुष्कळदा चौथी-पाचवीतली बहीण. पूर्ण पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवा, असे सांगितलेले असते. ‘पूर्ण’ आणि ‘एक लिटर’ हे दोन शब्द नजरेआड झाले आणि पुडी पेलाभर पाण्यात गेली, तर ते पाणी औषध न राहता अपाय करील. तयार पाणी चोवीस तासांत संपवायचे, उरलेले टाकायचे. बाळाने उलटी केली तर दहा मिनिटे थांबायचे आणि मग चमच्या-चमच्याने पाजायचे. क्रम, माप, मुदत आणि ‘असे झाले तर तसे करा’ ही अट, एवढे सारे त्या चार ओळींत आहे. ‘वाक्याचा प्रकार ओळखा’ या प्रश्नाचे उत्तर ‘आज्ञार्थी’ असे बरोबर लिहिणाऱ्या मुलीला ही पुडी कालवता येते का, ही खरी परीक्षा.

बँकेतले आज्ञार्थी वाक्य

कोकणातली घरे अनेक वर्षे मुंबईच्या मनीऑर्डरवर चालली. भारतात मनीऑर्डर १८८० साली सुरू झाली आणि तिची जुनी पद्धत २०१५ साली बंद झाली. त्या फॉर्मला निरोपासाठी एक चिंचोळी जागा असे. गिरणीत राबणारा बाप त्या दोन बोटांच्या जागेत लिही: पोरांस शाळेत धाडा, कौले चाळून घ्या, आईस जपा. पैसे पाठवणारा आज्ञार्थात लिही आणि घरी बसलेली बाई ते दुसऱ्याकडून वाचून घेई. तिच्याकडून मुंबईला जाणाऱ्या पत्रात क्वचितच एखादे ‘या’ असे.

अशाच एका घरातली बाई, नवरा गेल्यावर, आमच्या शाखेत येऊ लागली. खात्यात तिच्या स्वतःच्या नावावर पैसे होते. तरी खिडकीशी येऊन ती दर वेळी विचारी, ‘माका पैशे गावतीत काय?’ प्रश्नार्थी वाक्य, तेही पदर तोंडाशी धरून. जन्मभर आज्ञा ऐकलेल्या त्या बाईला आपलाच पैसा मागायचा तरी भीक मागितल्यासारखे वाटे. एका दुपारी गर्दी नसताना मी तिला एक कोरा चेक दाखवून त्यावर काय छापले आहे ते सांगितले.

चेक म्हणजे काय हे १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टने सांगितले आहे. तो बँकेला दिलेला लेखी, सही केलेला, बिनशर्त आदेश असतो. शंभराच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर ‘मी वचन देतो’ म्हणतात. ते झाले विधानार्थी वाक्य. चेकवर मात्र खातेदार बँकेला सांगतो, ‘अमुक माणसाला इतके रुपये द्या.’ हे आज्ञार्थी वाक्य. नाव, आकडा, अक्षरी रक्कम, तारीख, सही यांतले एक जरी चुकले तरी आज्ञा अपुरी राहते आणि चेक परत येतो. तिला मुदतही असते. १ एप्रिल २०१२ पासून ती सहा महिन्यांऐवजी तीन महिने झाली. पैसे जाण्याआधी ‘देऊ नका’ असे लेखी कळवले तर बँकेला तेही ऐकावे लागते. ज्याच्या खात्यात पैसे आहेत आणि ज्याने वाक्य नीट लिहिले आहे, त्याचे बँकेने ऐकलेच पाहिजे, मग तो गावचा खोत असो की मोलकरीण.

‘म्हंजे मी सांगूचा आणि तुमी देवचा?’ तिने विचारले. ‘होय, तसेच,’ मी म्हटले. सही तिला येत होती. उरलेले अक्षर तिने शाळेत जाणाऱ्या मुलीकडून गिरवून घेतले आणि महिन्याभराने स्वतःच्या हाताने लिहिलेला चेक खिडकीतून आत सरकवला. त्यानंतर तिने ‘गावतीत काय’ म्हटलेले मी ऐकले नाही.

मुलांना आज्ञार्थी वाक्य लिहायला शिकवताना माझ्या मनात ही बाई असते. नुसते ऐकायची सवय लागलेल्या माणसाला आपला हक्कही विनवणीने मागावा लागतो. आणि ज्याला ऐकणाऱ्याचा विचार न करता नुसते सांगायची सवय लागते, त्याचे घरात, कचेरीत, गावात काय होते ते आपण रोज पाहतो. दोघांनाही लहानपणी कोणी तरी कागद-पेन्सिल देऊन ‘दुसऱ्याला कळेल असे सांग’ म्हणायला हवे होते.

यासाठी नवे पुस्तक नको, शिकवणी नको. पुढच्या रविवारी घरातल्या तिसरी-चौथीच्या मुलाला सांगा: ‘चहा कसा करायचा ते मला लिहून दे.’ घरी मालवणी बोलत असेल तर मालवणीत लिहू द्या, प्रमाण मराठी शेजारच्या रकान्यात येईल. मग तो कागद समोर ठेवून तसाच चहा करा. त्यात गॅस पेटवा असे लिहिले नसेल तर पेटवू नका, थांबा. मूल ओरडून सांगेल, ‘अहो, आधी पेटवा ना!’ त्याला म्हणा, ‘मग तसे लिही.’ आणि साखर घालायची विसरली असेल तर बिनसाखरेचा चहा मुकाट्याने प्या, त्यालाही घोटभर द्या. दुसऱ्या दिवशी ते आपण होऊन एक ओळ वाढवील, आणि किती चमचे हेही त्यात असेल.